वेग वाढला, पण कोणाचा?

मुक्तस्रोत संगणकप्रणालींमध्ये रोज बदल होत असतात. जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत बसलेले प्रोग्रामर कोडमध्ये चार ओळी घालतात, दोन काढतात आणि आपला बदल ‘पॅच’ म्हणून प्रकल्पाकडे पाठवितात. असा पॅच आला की जाणकार दोन प्रश्न विचारतात. बदलानंतर उत्तर बरोबर येते काय? आणि ते पूर्वीइतक्याच वेळात येते काय? पहिल्या प्रश्नाला होय किंवा नाही असे उत्तर देता येते. दुसऱ्याचे तसे नाही. तोच बदल एका यंत्रावर काम जलद करतो, तर दुसऱ्यावर रेंगाळवितो. या दुसऱ्या प्रश्नाचा पद्धतशीर शोध म्हणजे कार्यक्षमता चाचणी, अर्थात परफॉर्मन्स टेस्टिंग.

हा विषय केवळ तंत्रज्ञांच्या चर्चेचा वाटेल. पण त्याची झळ बसते ती वापरणाऱ्याला. समजा, सातारा जिल्ह्यातील कोरेगावात एखाद्या पतसंस्थेने आपली खाती मुक्तस्रोत डेटाबेसवर ठेवली आहेत. संगणक सहा-सात वर्षांचा आहे, मेमरी बेताची आहे आणि सोमवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, भरणा करणाऱ्यांची रांग लागली आहे. प्रणालीची नवी आवृत्ती घातल्यावर प्रत्येक नोंदीला अर्धा सेकंद जास्त लागू लागला, तर ती रांग संध्याकाळपर्यंत संपत नाही. ज्याने तो बदल केला त्याच्याकडे कदाचित चौसष्ट कोअरचा सर्व्हर असेल आणि तेथे काम जलदच झाले असेल. कार्यक्षमता चाचणीचा खरा प्रश्न म्हणूनच ‘वेग वाढला काय’ एवढा नसून ‘वेग कोणाचा वाढला आणि कोणाचा घटला’ असा आहे. या प्रश्नाला प्रकल्प कसे सामोरे जातात, याचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच, पुण्यात सापडते.

खातेवही आणि तिची अनुक्रमणिका

उदाहरण आहे पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झालेल्या संशोधनातून तो जन्मला आणि १९९६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. बोलण्यात त्याला नुसते ‘पोस्टग्रेस’ म्हणतात. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही.

पोस्टग्रेसची नोंद ठेवण्याची रीत जुन्या मुनीमजींसारखी आहे. लिहिलेले खोडायचे नाही, हा तिचा दंडक. खातेदाराची शिल्लक पाचशेवरून सातशे झाली की जुनी ओळ तशीच राहते आणि सातशेची नवी ओळ लिहिली जाते. जुनी ओळ पाहत बसलेल्या दुसऱ्या कारकुनाचा हिशेब त्यामुळे मध्येच बिघडत नाही. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवीत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला, हा या रीतीचा मोठा लाभ होय. तोटाही उघड आहे. निरुपयोगी झालेल्या ओळींचा कचरा साठत जातो आणि तो काढण्यासाठी ‘व्हॅक्यूम’ नावाची वेगळी झाडझूड करावी लागते.

याहून मोठे दुखणे अनुक्रमणिकेचे होते. खातेदार नावाने शोधता यावा, खाते क्रमांकाने शोधता यावा, गावाने शोधता यावा, म्हणून एकाच तक्त्यावर तीन-चार अनुक्रमणिका, म्हणजे इंडेक्स, केलेल्या असतात. २००८ पूर्वीच्या पोस्टग्रेसमध्ये नुसती शिल्लक बदलली तरी नवी ओळ या प्रत्येक अनुक्रमणिकेत नव्याने नोंदवावी लागे. नाव तेच, क्रमांक तोच, गाव तेच. तरीही चार ठिकाणी लिखापढी. ज्या तक्त्यात वारंवार बदल होतात तेथे अनुक्रमणिका फुगत आणि सगळे काम मंदावे.

या दुखण्यावर ‘हीप ओन्ली टपल’ नावाचा उपाय निघाला. त्याच्या आद्याक्षरांवरून तो ‘हॉट’ या नावाने ओळखला जातो. एंटरप्राइझडीबी या कंपनीत काम करणारे पुण्याचे पवन देवलसी हे त्याचे प्रमुख कर्ते. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या देवलसींनी या कल्पनेला प्रत्यक्ष कोडचे रूप दिले. कल्पना घडविण्यात मात्र अनेकांचा हात होता आणि पोस्टग्रेसच्या अधिकृत नोंदीतही तसेच म्हटले आहे. कल्पना ऐकायला साधी आहे. बदललेल्या रकान्यावर अनुक्रमणिका नसेल आणि त्याच पानावर जागा शिल्लक असेल, तर नवी ओळ त्याच पानावर लिहायची आणि अनुक्रमणिकेला हातच लावायचा नाही. अनुक्रमणिका जुन्या जागेकडे बोट दाखवील आणि तेथून साखळीने नव्या ओळीपर्यंत जाता येईल. शिवाय त्या पानावर पुढे कोणी कामासाठी आला, अगदी नुसता वाचायला आला, तरी जाता जाता तो पानावरील मृत ओळी झाडून जागा मोकळी करू शकतो.

साधी दिसणारी ही गोष्ट प्रत्यक्षात आणताना मात्र दमछाक झाली. पॅचच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. साखळ्या तयार झाल्यानंतर कोणी नव्या रकान्यावर अनुक्रमणिका करायला घेतली, तर साखळीतील जुन्या-नव्या ओळींत त्या रकान्याच्या किमती वेगळ्या असू शकतात. अशा वेळी नवी अनुक्रमणिका जुन्या व्यवहारांना चुकीची वाट दाखवील. हा पेच सोडविण्याचे नियमच इतके आहेत की त्यांचे स्वतंत्र टिपण पोस्टग्रेसच्या सोर्स कोडमध्ये आजही ठेवलेले आहे. अखेर टॉम लेन या ज्येष्ठ प्रोग्रामरने बरेच फेरफार करून २० सप्टेंबर २००७ रोजी हा पॅच मुख्य प्रणालीत समाविष्ट केला आणि ४ फेब्रुवारी २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या ८.३ या आवृत्तीतून तो जगभर पोहोचला.

येथे चाचणीचा मुद्दा येतो. पोस्टग्रेससोबत ‘पीजीबेंच’ नावाचे मोजमापाचे साधन मिळते. ते एका काल्पनिक बँकेचे व्यवहार करते. प्रत्येक व्यवहारात खात्याची शिल्लक बदलायची, ती वाचायची, रोखपालाची शिल्लक बदलायची, शाखेची बदलायची आणि इतिहासाच्या तक्त्यात एक ओळ घालायची. सर्व बदल शिल्लक रकमेत होतात आणि शिल्लक रकमेवर अनुक्रमणिका नसते. म्हणजे हॉटला हवी तशीच परिस्थिती! केवळ याच साधनाने मोजले असते तर पॅचला सढळ हाताने गुण मिळाले असते. ज्याच्या तक्त्यात अनुक्रमणिका असलेला रकानाच सतत बदलतो, त्याला हॉटचा लाभ शून्य. उलट तपासणीचा थोडासा भार मात्र त्याच्याही वाट्याला. ज्याची पाने काठोकाठ भरलेली आहेत त्याचेही तेच. पानावर मुद्दाम थोडी जागा मोकळी ठेवण्याची सोय आदल्याच, ८.२ या आवृत्तीत, तक्त्यांसाठी झाली होती. पण ती वापरायची हे माहीत असायला हवे. चांगला परीक्षक म्हणूनच पॅच जेथे उजळून निघतो ते उदाहरण घेऊन थांबत नाही. तो जेथे हरण्याची शक्यता आहे ते उदाहरण मुद्दाम रचतो.

मोजायचे कसे?

कोरेगाव तालुका वाघ्या घेवड्यासाठी ओळखला जातो आणि त्या घेवड्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तेथील कोणताही शेतकरी सांगेल, की नवे बियाणे यंदा आणि जुने गेल्या वर्षी पेरून तुलना होत नाही; पाऊस वेगळा, रान वेगळे. दोन्ही एकाच रानात, शेजारी शेजारी, एकाहून अधिक वाफ्यांत पेरावी लागतात. संगणकावरील चाचणीचाही हाच न्याय आहे. जुना कोड आणि नवा कोड एकाच यंत्रावर, एकाच माहितीवर, त्याच मांडणीत चालवायचा. एकदा जुना, एकदा नवा, पुन्हा जुना, पुन्हा नवा, असा क्रम आलटून पालटून ठेवायचा आणि प्रत्येकाच्या अनेक फेऱ्या घ्यायच्या. सर्वांत चांगला आकडा निवडून मिरवायचा नाही. मधला आकडा आणि फेऱ्यांमधील चढउतार दोन्ही सांगायचे. चढउतार तीन टक्क्यांचा असेल तर दोन टक्क्यांची ‘सुधारणा’ ही सुधारणा नव्हे.

एवढे करूनही यंत्र फसविते. आजचे प्रोसेसर थंड असताना जोरात धावतात आणि तापले की स्वतःच वेग कमी करतात. मे महिन्यातील दुपारी लॅपटॉपवर घेतलेली पहिली आणि दहावी फेरी त्यामुळे एकसारखी असत नाही. पहिल्या फेरीत माहिती डिस्कवरून येते, दुसरीत ती मेमरीत तयार असते. पार्श्वभूमीवर एखादी झाडझूड चालू असते. पीजीबेंचमध्ये तर एक खास खड्डा आहे. सर्वांत लहान प्रमाणावर त्यातील बँकेला एकच शाखा आणि एक लाख खाती असतात. शंभर ग्राहक एकाच वेळी सोडले की सर्व जण त्या एका शाखेच्या ओळीसाठी ताटकळतात. परीक्षकाला वाटते डेटाबेस मोजला. मोजलेली असते ती रांग. म्हणूनच ग्राहकांच्या संख्येइतक्या तरी शाखा ठेवाव्यात आणि काही सेकंदांत आटोपलेल्या चाचणीवर विश्वास ठेवू नये, असे त्याच्या माहितीपुस्तिकेतच बजावलेले आहे.

२००९ मध्ये मिटकोविच, दिवान, हाउसविर्थ आणि स्वीनी या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला निबंध तर या क्षेत्रातील लोकांची झोप उडविणारा ठरला. प्रोग्राम सुरू होताना त्याच्यासोबत वापरकर्त्याचे नाव, फोल्डरचा मार्ग अशी काही माहिती मेमरीत ठेवली जाते. या माहितीची लांबी बदलली तरी प्रोग्रामचा वेग बदलतो, असे त्यांनी दाखवून दिले. कोडमध्ये अक्षराचाही फरक नाही. केवळ मेमरीतील मांडणी काही बाइट सरकली आणि निष्कर्ष उलटा झाला! कोडचे तुकडे कोणत्या क्रमाने जोडले यावरही असाच फरक पडतो. वेगळ्या लांबीचे नाव असलेल्या दोन प्रोग्रामरांचे आकडे जुळले नाहीत, तर दोघेही प्रामाणिक असू शकतात.

या गोंधळातून सुटण्यासाठी काही प्रकल्पांनी वेळ मोजण्याऐवजी प्रोसेसरने किती सूचना पाळल्या ते मोजण्याचा मार्ग धरला. हा आकडा पुष्कळच स्थिर असतो. रस्ट या भाषेचा कंपायलर प्रत्येक बदलानंतर असा मोजला जातो. एसक्यूलाइट या छोटेखानी डेटाबेसच्या कर्त्यांनी याच रीतीने शेकडो बारीक सुधारणा केल्या. त्यांतील एकेकटीचा लाभ घड्याळाने कधीच दिसला नसता, पण २०१४ मधील ३.८.७ ही आवृत्ती आदल्या वर्षीच्या ३.७.१७ पेक्षा तेवढ्याच श्रमात सुमारे दीडपट काम करू लागली. अर्थात सूचनांची संख्या म्हणजे वेळ नव्हे. मेमरीसाठी थांबावे लागलेला काळ त्या मोजणीत दिसत नाही, हे विसरून चालत नाही.

अडलेला पॅच

हॉटच्या यशानंतर आठ वर्षांनी त्याच विषयाने पुन्हा उचल खाल्ली. जुलै २०१६ मध्ये उबर या टॅक्सीसेवा कंपनीने आपण पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएलकडे का वळलो, याचे जाहीर स्पष्टीकरण दिले. एका लहानशा बदलासाठी अनेक अनुक्रमणिकांत लिहावे लागते, ही त्यातील एक प्रमुख तक्रार होती. अनुक्रमणिका असलेला एक जरी रकाना बदलला तरी हॉटची सवलत संपते आणि सर्वच अनुक्रमणिकांत नोंद करावी लागते, हे खरेच होते. त्याच वर्षी देवलसी यांनी ‘वॉर्म’ नावाचा नवा पॅच मांडला. त्या वेळी ते सेकंडक्वाड्रंट या कंपनीत होते. जो रकाना बदलला केवळ त्याच्याच अनुक्रमणिकेत लिहायचे आणि बाकीच्यांना तसेच सोडायचे, हे त्याचे सूत्र.

पुष्कळ अनुक्रमणिका असलेल्या तक्त्यांवर वॉर्मचा लाभ चांगलाच दिसत होता. पण या वेळी इतर प्रोग्रामरांनी, त्यांत भारतात बसून काम करणारेही होते, हरण्याची उदाहरणे रचली. अनुक्रमणिकेतून सापडलेली ओळ खरोखर हवी तीच आहे काय, याची आता पुन्हा खातरजमा करावी लागणार होती. कोणते रकाने बदलले हे ठरविण्यासाठी प्रत्येक बदलाच्या वेळी अधिक तुलना करावी लागणार होती. ज्यांना वॉर्मचा काहीच उपयोग नाही अशा काही कामांत वेग किंचित घटलेला आढळला. त्यात पॅचची गुंतागुंत फार. आणि ही गुंतागुंत डेटाबेसच्या अगदी गाभ्यात, जेथे चूक झाली तर माहितीच बिघडते. २०१७ मध्ये १० व्या आवृत्तीसाठी खल झाला. पण वॉर्म काही पोस्टग्रेसमध्ये गेला नाही.

एकाच कर्त्याचे दोन पॅच. एक गेला, एक राहिला. मोठ्या लाभासाठी इतरांनी थोडी झीज सोसावी की सोसू नये, याचे सूत्र कोणत्याही पुस्तकात नाही आणि वॉर्मबाबतचा निर्णय बरोबरच होता असे छातीठोकपणे म्हणणे अवघड आहे. मोठ्या कंपन्यांची तक्रार खरी होती. मात्र किंचित घट सोसणारे हे बहुधा मूक असतात. त्यांना प्रणाली मंदावली हे कळत नाही, कळले तरी कोठे सांगावे हे कळत नाही. हरणारे उदाहरण रचणारा परीक्षक त्यांच्या वतीने बोलतो. हॉटचा विस्तार पुढे मर्यादित स्वरूपात झाला, तो २०२३ मधील १६ व्या आवृत्तीत. ब्रिन या सारांशवजा अनुक्रमणिकेचा रकाना बदलला तरी हॉटची सवलत तेव्हापासून मिळू लागली. हा बदलही आधी एकदा घालून, त्यातील दोष उघडकीस आल्यावर काढून, दुरुस्त करून पुन्हा घातलेला आहे.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये २०१८ साली याहून मोठा प्रसंग घडला. प्रोसेसरमधील स्पेक्टर या सुरक्षादोषावरचा एक उपाय ४.२० या येऊ घातलेल्या आवृत्तीत सरसकट सर्वांसाठी चालू करण्यात आला होता. काही कामांचा वेग त्यामुळे निम्म्यावर येतो असे मोजमापांतून दिसले. लिनस टोरवाल्ड्स यांनी नोव्हेंबरमध्ये स्पष्ट शब्दांत आक्षेप घेतला आणि आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वीच तो उपाय गरज असेल त्यांच्यापुरता मर्यादित करण्यात आला. सुरक्षितता महत्त्वाची खरीच. पण किंमत किती हे आधी मोजले गेले नव्हते.

अशी मोजणी माणसांवर सोडून भागत नाही, म्हणून मोठ्या प्रकल्पांत ती यंत्रेच करतात. इंटेलचा परीक्षक रोबो कर्नेलमधील बदल सतत तपासतो आणि वेग घसरला की नेमका कोणता बदल जबाबदार हे हुडकून त्याच्या कर्त्यालाच ई-मेल पाठवितो. हुडकण्याची रीत जुनी आणि सोपी आहे. हजार बदलांत दोषी कोण हे पाहायचे तर मधला बदल तपासायचा. तेथे वेग ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. दहा तपासण्यांत गुन्हेगार सापडतो. मात्र आकडे डळमळीत असतील तर एका चुकीच्या फेरीने शोध भलत्याच अर्ध्यात जातो आणि निरपराध बदलावर आळ येतो.

जलद, पण चुकीचे

वेगाच्या मागे लागून बरोबरपणा हातचा गेल्याचे एक उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटावे. नावे अकारविल्हे लावणे हे संगणकाला वाटते तितके सोपे काम नाही. प्रत्येक भाषेचे नियम वेगळे, जोडाक्षरांचे आणखी वेगळे. म्हणून दोन शब्दांची तुलना महाग पडते. जानेवारी २०१६ मधील पोस्टग्रेस ९.५ मध्ये त्यावर युक्ती काढण्यात आली. शब्दाचे एकदाच छोट्या संकेतात रूपांतर करायचे आणि तुलना त्या संकेतांची करायची. वर्गीकरण कितीतरी जलद झाले. मात्र ज्या ग्रंथालयावर ही युक्ती उभी होती, त्या जीलिबसीमध्ये काही भाषांच्या बाबतीत थेट तुलना आणि संकेतांची तुलना यांची उत्तरे जुळत नाहीत असे उघड झाले. ३१ मार्च २०१६ रोजीच्या ९.५.२ मध्ये ही युक्ती ‘सी’ ही मूळ क्रमव्यवस्था वगळता अन्य सर्व भाषांसाठी बंद करण्यात आली. मराठीही त्यात आली. ज्यांच्या अनुक्रमणिका बिघडल्या असण्याची शक्यता होती, त्यांना त्या नव्याने बांधण्यास सांगण्यात आले. वेगाच्या चाचण्यांत हा दोष दिसण्याचे कारणच नव्हते. चुकीच्या क्रमाने लावलेली यादीही तितक्याच जलद तयार होते.

याच्या उलट, वेगाच्या मोजणीतूनच एक मोठे संकट टळल्याची घटना २०२४ मध्ये घडली. पोस्टग्रेसचे एक प्रमुख प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड काही बारीक मोजमापे घेत होते. आकडे स्थिर यावेत म्हणून त्यांनी यंत्रावरील इतर हालचाल शांत करण्याचा प्रयत्न केला. तेव्हा दूरस्थ लॉगिनची सेवा पुरविणारा प्रोग्राम विनाकारण प्रोसेसर खात असल्याचे त्यांच्या लक्षात आले. जे लॉगिन ०.३ सेकंदांत व्हावे त्याला ०.८ सेकंद लागत होते. काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या स्वयंचलित चाचण्यांत दिसलेला एक विचित्र इशाराही त्यांना आठवला. माग काढता काढता ते ‘एक्सझेड’ या माहिती आक्रसणाऱ्या ग्रंथालयापर्यंत पोहोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, जिया टॅन या नावाने दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या कोणीतरी चोरदरवाजा बसविला होता. फ्रॉइंड यांनी २९ मार्च २०२४ रोजी ही गोष्ट जाहीर केली. त्या आवृत्त्या तोवर बहुतेक लिनक्स वितरणांच्या चाचणीच्या शाखांपर्यंतच पोहोचल्या होत्या. सर्वसामान्यांच्या सर्व्हरवर त्या अद्याप गेलेल्या नव्हत्या. कोडच्या वाचनात जे निसटले, ते अर्ध्या सेकंदाच्या फरकाने पकडले गेले.

मुक्तस्रोत प्रकल्पांत अशी मोजणी करण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. जुना कोड उपलब्ध असतो, नवा असतो, मोजण्याची साधनेही असतात. प्रणालीची आवृत्ती, यंत्राची मेमरी आणि डिस्क, तक्त्याची रचना, त्यातील ओळींची संख्या, बदललेल्या मांडण्या, आधीचे आणि नंतरचे आकडे आणि ते किती फेऱ्यांतून आले, एवढे लिहून दिले तर ते निवेदन पुण्याहून आले, पालो आल्टोहून आले की कोरेगावाहून, याने फरक पडत नाही; दुसऱ्या कोणालाही तोच प्रयोग करून ते पडताळता येते. ‘नवी आवृत्ती हळू चालते’ एवढेच लिहिलेल्या पत्राला मात्र सहसा उत्तर मिळत नाही. मोठ्या यंत्रांवरील मोजमापे कंपन्या स्वतःच्या गरजेपोटी करतातच. जुन्या डिस्कवर, दोन-चार जीबी मेमरीत, देवनागरी नावांच्या लाखभर ओळींवर नवी आवृत्ती कशी चालते, हे मोजणारे फार थोडे आहेत आणि पीजीबेंचला स्वतःच्या तक्त्यांवरचे स्वतःचे व्यवहार लिहून देण्याची सोय पूर्वीपासून आहे.